हर्बर्ट यंगब्लड कुठं गेला?

जॉन डिलिंजर आता आपल्या पोरांच्याही ओळखीचा झालाय. तिरकी हॅट, लांब कोट, हातात टॉमीगन आणि बँकेच्या काउंटरवरून मारलेली उडी. मायकेल मॅनचा 'पब्लिक एनिमीज' हा चित्रपट २००९ साली आला. त्यात जॉनी डेप डिलिंजर झाला. तेव्हापासून वस्त्यांमधून, चाळीच्या जिन्यांवरून, गोदीच्या कँटीनमधून हा चित्रपट मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर फिरतोय. पोरांनी डीपीला डिलिंजर लावलाय. 'साला, काय माणूस होता!' असं बोलतात.

तेव्हा ह्या अंकाची भूमिका डिलिंजरवर. चळवळीच्या अनियतकालिकात बँका लुटणाऱ्या गोऱ्या माणसाचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. ज्यांनी डीपी लावलाय त्यांनी तर वाचावंच.

आधी पोरांची बाजू घेतो. पोरं येडी नाहीत.

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. पुढच्या तीन-चार वर्षांत तिथल्या सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. बँक बुडाली की ठेवीदार बुडाला, कारण ठेवीला सरकारची हमी तेव्हा नव्हती. चौघांमागं एक जण बेकार. हप्ता थकला की शेत गेलं, घर गेलं. जप्तीचा कागद घेऊन येणारा माणूस बँकेचा, आणि त्याच्या मागं उभा राहणारा शिपाई सरकारचा. अशा वेळी कुणी बँकेच्या समोरच्या दारानं आत शिरून तिजोरी रिकामी करतोय म्हटल्यावर गरीब माणसाच्या पोटात गुदगुल्या होणारच. चित्रपटात एक प्रसंग आहे. दरोडा चालू असताना एक साधा खातेदार घाबरून आपले पैसे पुढं करतो. डिलिंजर त्याला सांगतो, ते खिशात घाल, मी बँकेच्या पैशासाठी आलोय. ज्याच्या घरचं भांडं सावकारानं उचलून नेलंय त्याला हा प्रसंग भिडला नाही तरच नवल.

चित्रपट आला तो मुहूर्तही बघा. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. अमेरिकेत लाखो घरांवर जप्ती चालू होती, आणि सरकार मोठ्या बँकांना सार्वजनिक पैशानं वाचवत होतं. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात डिलिंजर पडद्यावर उतरला. लोकांचा राग तयार होता, हॉलिवूडनं त्याला हॅट घातली आणि तिकीट लावलं.

डिलिंजरवर अन्याय झाला नव्हता असंही कुणी म्हणू नये. इंडियाना राज्यातलं हे पोरगं, जन्म १९०३ चा. १९२४ साली मूर्सव्हिल गावात त्यानं एका साथीदारासोबत किराणा दुकानदाराला मारहाण करून लुटायचा प्रयत्न केला. बाप म्हणाला, गुन्हा कबूल कर, कोर्ट दया करेल. वकील न घेता पोरानं कबूल केला. कोर्टानं दहा ते वीस वर्षं ठोकली. साथीदाराला पुष्कळ कमी शिक्षा झाली. डिलिंजर जवळजवळ नऊ वर्षं आत सडला. बँक कशी मारायची हे शिकवणारे मास्तर त्याला तिथंच भेटले. मे १९३३ मध्ये तो बाहेर आला, आणि जुलै १९३४ मध्ये मेला. एवढीच त्याची कारकीर्द, चौदा महिन्यांची.

इथपर्यंत ठीक. आता मला ज्या ठिकाणी चित्रपट थांबवून मागं न्यावासा वाटतो तिथं येऊ.

जानेवारी १९३४ मध्ये डिलिंजर पकडला गेला. ईस्ट शिकागोच्या बँकेवरच्या दरोड्यात ओमॅली नावाचा पोलीस मारला गेला होता, त्या खुनाचा आरोप त्याच्यावर होता. त्याला क्राउन पॉइंटच्या तुरुंगात आणलं. तिथं फोटोवाल्यांची झुंबड. त्या दिवशीचा एक फोटो जगभर गाजला. सरकारी वकील उभा आहे, शेजारी शेरिफ लिलियन हॉली आहे, आणि डिलिंजर सरकारी वकिलाच्या खांद्यावर कोपर टेकवून, जावई सासरी आल्यासारखा हसतोय. पोलिसाच्या खुनाचा आरोपी! चित्रपटातही हे आहे, आणि प्रेक्षक ह्या जागी हसतो.

त्याच तुरुंगात हर्बर्ट यंगब्लड नावाचा एक काळा माणूस होता. त्याच्यावरही खुनाचा आरोप होता, खटला व्हायचा होता. त्याच्यासाठी फोटोवाले धावले नाहीत. सरकारी वकिलाच्या खांद्यावर त्यानं कोपर टेकवला असता तर काय झालं असतं, ह्याचा विचार करा. १९३१ साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरोच्या खटल्यात नऊ काळ्या पोरांना आगगाडीतून उतरवून खोट्या बलात्काराच्या आरोपात अडकवलं होतं. सगळ्या गोऱ्या पंचांसमोर काही दिवसांत खटले उरकून आठ जणांना फाशी सुनावली होती. पुढं लढून त्यांची फाशी टळली, पण आयुष्यं गेली. काळ तोच, देशही तोच. तेव्हा कोपराची गोष्ट साधी नाही. कायद्याच्या खांद्यावर हात टाकायचा हक्क कुणाच्या चामडीला आहे, हे त्या फोटोत दिसतं.

३ मार्च १९३४. डिलिंजरनं तुरुंग फोडला. सांगतात की त्याच्या हातात लाकडी पिस्तूल होतं, काळ्या बूटपॉलिशनं रंगवलेलं. लाकडाला काळा रंग दिला की अमेरिका घाबरते, हे त्याला पक्कं माहीत असावं. यंगब्लड त्याच्यासोबत निघाला. रक्षकांना कोंडण्यात, बंदुका ताब्यात घेण्यात तो बरोबरीनं होता. दोन माणसं ओलीस घेतली, खुद्द शेरिफबाईंची मोटार घेतली आणि राज्याची हद्द ओलांडून पसार.

चित्रपटात यंगब्लड आहे. मायकेल बेंट ह्या नटानं तो केलाय. तुरुंग फुटतो, मोटार सुटते, डिलिंजर हसतो, आणि थोड्याच वेळात यंगब्लड चित्रपटातून उतरतो. कुठं उतरला, त्याचं काय झालं, कुणी विचारत नाही. डिलिंजर पुन्हा टोळीत जातो, प्रेयसीकडं जातो, आपणही त्याच्या मागं जातो.

मी सांगतो काय झालं. तेराव्या दिवशी, १६ मार्च १९३४ ला, मिशिगन राज्यात पोर्ट ह्युरॉन गावी एका छोट्या दुकानात पोलिसांनी यंगब्लडला गाठलं. गोळीबार झाला. एक पोलीस अधिकारी मेला, यंगब्लडही मेला. मरायच्या आधी त्यानं सांगितलं म्हणे, की डिलिंजर कालपर्यंत माझ्यासोबत होता. ते ऐकून पोलीस त्या भागात डिलिंजरला धुंडाळत बसले. डिलिंजर तिथं नव्हताच. मरता मरता हा माणूस दुसऱ्याची वाट मोकळी करून गेला, असं मला वाटतं. ह्याला म्हणतात दोस्ती. त्याच्या नावानं चित्रपट नाही. १९७३ साली जॉन मिलियसनं 'डिलिंजर' काढला, त्यात तर त्याचं नावसुद्धा बदललं. हर्बर्टचा रीड केला. काळ्या माणसाचं नाव काय, काहीही ठेवा, चालतंय!

बिली फ्रेशेटचंही तेच. डिलिंजरची ही प्रेयसी. तिची आई मेनॉमिनी, म्हणजे त्या भूमीच्या मूळच्या लोकांपैकी. चित्रपटात त्याचा ओझरता उल्लेख येतो, आणि मारिओन कोतियार ही फ्रेंच नटी ती भूमिका करते. डिलिंजरला आसरा दिला म्हणून बिलीला दोन वर्षं तुरुंगवास झाला. ॲना सेज ही रुमानियातून आलेली बाई. देशाबाहेर काढू नये एवढ्या आशेवर तिनं डिलिंजरचा ठावठिकाणा पोलिसांना दिला. १९३६ साली तिला देशाबाहेर काढलंच. डिलिंजरच्या भोवती जे जे खालचे होते, त्यांनी किंमत मोजली. दंतकथा एकट्याची झाली.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त महत्त्वाची. डिलिंजरच्या बंदुकीनं कुणाचं भलं झालं?

शेरिफबाईंची चोरलेली मोटार घेऊन तो राज्याची हद्द ओलांडून गेला. चोरीची मोटार दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्र सरकारच्या कायद्याखालचा गुन्हा. वॉशिंग्टनला जे. एडगर हूव्हर नावाचा अधिकारी अशाच संधीची वाट पाहत बसला होता. १९२४ पासून तो केंद्राच्या तपास खात्याचा प्रमुख होता, पण खातं लहान, अधिकार तुटपुंजे. एप्रिल १९३४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लिटल बोहेमिया लॉजवर त्याच्या माणसांनी छापा घातला. डिलिंजर निसटला, आणि ह्यांच्या गोळ्यांनी सरकारी रोजगार छावणीतला एक निरपराध कामगार मेला. एवढी नामुष्की होऊन हूव्हरची खुर्ची गेली का? उलट वाढली. मे आणि जून १९३४ मध्ये काँग्रेसनं कायद्यांमागून कायदे केले. बँक लुटणं केंद्राचा गुन्हा झाला, हूव्हरच्या माणसांना बंदूक बाळगायचा आणि अटक करायचा पूर्ण अधिकार मिळाला. २२ जूनला, नेमक्या त्याच्या एकतिसाव्या वाढदिवशी, डिलिंजर 'सार्वजनिक शत्रू क्रमांक एक' ठरला. २२ जुलैला शिकागोच्या बायोग्राफ थिएटरातून तो गँगस्टरचाच चित्रपट पाहून बाहेर पडला, आणि हूव्हरच्या माणसांनी त्याला गल्लीत गोळ्या घातल्या. लोकांनी त्याच्या रक्तात रुमाल बुडवून नेले. १९३५ साली त्या खात्याला एफबीआय हे नाव मिळालं.

सिनेमाही कामाला लागला. डिलिंजर जिवंत असतानाच हॉलिवूडच्या धुरिणांनी त्याच्यावर चित्रपट काढायला बंदी घातली होती. १९३५ साली 'जी मेन' आला. १९३१ मध्ये 'द पब्लिक एनिमी'त गुंड झालेला जेम्स कॅग्नी इथं सरकारी पोलीस! नट तोच, पिस्तूल तेच, फक्त बिल्ला लावला. 'पब्लिक एनिमीज'ही ह्या रोगातून सुटलेला नाही. त्यात मेल्विन पर्विस हा अधिकारी प्रिटी बॉय फ्लॉइडला डिलिंजरच्या आधी मारताना दिसतो. खरं तर फ्लॉइड मेला ऑक्टोबर १९३४ मध्ये, डिलिंजरच्या नंतर. पोलिसाचा आलेख चढता दिसावा म्हणून इतिहासाची पानं उलटसुलट लावली.

आणि डिलिंजरच्या प्रेतावर उभी राहिलेली ही एफबीआय पुढं कुणाच्या मागं लागली? इथं आपली गोष्ट सुरू होते. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. त्यांनी बँका फोडल्या म्हणून हूव्हर भडकला असं नाही. त्यांनी वस्तीतल्या भुकेल्या पोरांना शाळेआधी नाश्ता द्यायला सुरुवात केली, लोकांना संघटित केलं. हूव्हरनं त्यांना देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा सगळ्यात मोठा धोका ठरवलं. शिकागोत फ्रेड हॅम्प्टन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा काळे, पोर्तो रिकन आणि गरीब गोरे यांची एकजूट बांधत होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस त्याच्या घरात घुसले. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं दिलेला. पोलिसांनी ऐंशीहून जास्त गोळ्या झाडल्या. पँथरांच्या बाजूनं सुटलेली गोळी एक. फ्रेड अंथरुणातच मेला. शहर तेच शिकागो. हूव्हरही तोच. १९७२ च्या मे महिन्यात मरेपर्यंत तो त्याच खुर्चीवर होता. आणि त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी त्याच पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली. म्हणजे हूव्हर आपल्याला परका नाही. ज्यांना त्यानं मारलं, त्यांचं नाव आपण लावलंय.

व्यवस्थेला एकटा लुटारू परवडतो. तो तिच्या पोलिसांना बंदुका मिळवून देतो, नट मिळवून देतो, आणि शेवटी मरून पोस्टर होतो. तिला परवडत नाही ती जमलेली माणसं.

१९३४ च्याच उन्हाळ्यात अमेरिकेत आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या ह्या चित्रपटात नाहीत.

पहिली. २७ जून १९३४ ला, डिलिंजर मरायच्या महिनाभर आधी, तिथं घरबांधणीचा राष्ट्रीय कायदा झाला. सरकार घरकर्जाला हमी देणार. चांगली गोष्ट. पण त्या खात्याच्या नियमांनी काळ्यांच्या आणि मिश्र वस्त्या धोक्याच्या ठरवल्या, तिथं हमी नाही. सरकारच्या दुसऱ्या एका खात्यानं शहरांचे नकाशे काढून अशा वस्त्यांना लाल रंग दिला. तीन-चार दशकं काळा माणूस भाडं भरत राहिला आणि गोऱ्याचं घर वाढत गेलं. ह्या दरोड्यात एकही गोळी सुटली नाही. टेबल होतं, शाई होती, पगारी कारकून होता. डिलिंजरनं जन्मभर लुटलेला पैसा ह्याच्यापुढं चिल्लर. ह्या लुटीला अजून कुणी 'सार्वजनिक शत्रू' म्हटलेलं नाही.

शत्रू कोण हे ठरवायचा शिक्का कुणाच्या हातात आहे, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. डिलिंजरला तो शिक्का मिळवायला बँका लुटाव्या लागल्या. आपल्याकडं १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारध्याचं पोर रांगायच्या आधी गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यातून पुसला. पोलीस चौकीतून तो अजून पुसलेला नाही. गावात चोरी झाली की जीप आधी कुठल्या पालावर जाते, ते विचारून बघा.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जरा सविस्तर. ९ मे १९३४ ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी संप केला. सॅन फ्रान्सिस्कोत रोज सकाळी धक्क्यावर माणसं उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवेल त्याला काम. बोट पाहिजे तर मुकादमाचा हात ओला करा. ठेकेदाराच्या गेटावर पहाटे ज्यानं त्या बोटाची वाट पाहिलीय, त्याला ह्यातलं काही समजावून सांगायला नको. मी ती वाट पाहिलेली आहे. तिथल्या संपवाल्यांची मागणी एकच मोठी होती: कामाचं वाटप युनियनच्या हॉलमधून, पाळीनं व्हावं.

आधीच्या संपांत मालकांनी काळ्यांना फोडून संपाच्या विरोधात वापरलं होतं, कारण गोऱ्यांच्या युनियनांनी त्यांना दारातच उभं केलं नव्हतं. ह्या वेळी हॅरी ब्रिजेस हा पुढारी काळ्यांच्या चर्चमध्ये गेला, म्हणाला, आमच्यासोबत या, काम बरोबरीनं वाटू. ५ जुलैला पोलिसांनी गोळ्या घातल्या, दोन माणसं मेली. १६ जुलैपासून चार दिवस अख्खं शहर बंद. डिलिंजर मेला त्याच्या तीन दिवस आधीपर्यंत! शेवटी हॉल मिळाला, कामाची यादी युनियनच्या माणसाच्या हातात आली, मुकादमाचं बोट मोडलं. पुढं ब्रिजेसला देशाबाहेर काढायला सरकारनं वर्षानुवर्षं खटपट केली, एफबीआय मागं लावली. जमलं नाही.

गोदीत टोळी हा शब्द आम्ही रोज वापरतो. टोळी म्हणजे एका पाळीला एका हॅचवर लागलेली माणसं. एकानं हात सोडला तर माल दुसऱ्याच्या डोक्यावर. डिलिंजरच्याही भोवती टोळी होती, पण तिथं जो मागं पडला तो मागं राहिला. क्राउन पॉइंटमधून दोघं निघाले, गोष्ट एकाचीच झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टोळीत काळा-गोरा एका यादीवर आला, म्हणून ती जिंकली. त्या संपाच्या वाट्याला कुणी जॉनी डेप आला नाही.

दोस्तहो, चित्रपट बघू नका असं मी सांगणार नाही. बघा. चांगला काढलाय, खऱ्या जागांवर जाऊन काढलाय. पण आपल्या वस्तीत मिसरूड फुटलेलं पोर कमरेला चाकू खोचून हिंडायला लागलं की मला त्याची भीती वाटत नाही, काळजी वाटते. त्याला वाटतं आपण डिलिंजर. चौकीत त्याला डिलिंजरची वागणूक मिळत नाही, यंगब्लडची मिळते. त्याचा फोटो येत नाही. आला तर चेहऱ्यावर काळा बुरखा असतो आणि खाली जातीचा वास येणारं आडनाव. त्याचा राग खरा आहे. त्या रागाला एकटं सोडणं हा आपला, चळवळीचा, गुन्हा होईल. त्याला अभ्यासिकेत आणा, युनियनमध्ये आणा, मोर्चात पुढं ठेवा, त्याच्या हातात हे पान द्या. त्याच्याशी बोला, भाषण देऊ नका.

आणि पुढच्या वेळी पडद्यावर तुरुंग फुटेल, मोटार सुटेल, हॅटवाला हसेल, तेव्हा शेजारच्याला मोठ्यानं विचारा: अरे, तो दुसरा कुठं गेला?

जय भीम.